छोटी युटिलिटी लायब्ररी कशी उभारावी: प्रोग्रॅमिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याच्या संगणकावर दोन-तीन सत्रांचे काम साठले की एक गोष्ट हमखास दिसते. लिस्टचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडणारे, शब्द मोजणारे किंवा टाइप केलेला आकडा तपासणारे तेच ते फंक्शन चार फोल्डरांत चार निरनिराळ्या रूपांत पडलेले असते आणि त्यांतले नेमके कोणते बरोबर चालते हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशी फंक्शने एका जागी आणून, तपासून, नीट नावे देऊन लावली की जी तयार होते ती युटिलिटी लायब्ररी. तिचा कोड लिहिणे अवघड नसते; एकेक फंक्शन बहुधा दहा ओळींच्या आत संपते. अवघड असते ते ठरवणे: फंक्शनला काय दिलेले चालेल, ते काय परत देईल आणि भलतेच काही हाती आले तर ते कसे वागेल. पुढील पायऱ्या पायथन गृहीत धरून सांगितल्या आहेत, मात्र दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्यालाही हाच क्रम पाळता येईल.

पायरी १: काय घ्यावे आणि काय सोडावे

सुरुवात कोऱ्या फाइलने करू नये, जुन्या कामापासून करावी. आपले सगळे असाइनमेंट फोल्डर उघडून, कोणता कोड कॉपी-पेस्ट होत आला आहे ते शोधावे. एखादा तुकडा दोनदा आला असेल तर तो तिथेच राहू द्यावा. तिसऱ्यांदा लागला की तो लायब्ररीत यायला पात्र झाला असे समजावे. ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून लिहिलेली फंक्शने सहसा कोणीच वापरत नाही, आणि न वापरलेल्या फंक्शनमधील चूक कधी उघडकीला येत नाही. पहिल्या आवृत्तीत पाच ते आठ फंक्शने पुरेशी आहेत.

मग या यादीतील प्रत्येक नोंद पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीशी (पायथनसोबत आयत्या येणाऱ्या मॉड्यूलांशी) ताडून पाहावी. मध्यक काढण्याची सोय स्टॅटिस्टिक्स या मॉड्यूलमध्ये २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून आहे, लीप वर्ष ओळखणारे फंक्शन कॅलेंडर मॉड्यूलमध्ये आहे आणि तुकडे पाडणारे ‘बॅच्ड’ नावाचे फंक्शन २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीत इटरटूल्समध्ये दाखल झाले. आयते उपलब्ध असलेले फंक्शन स्वतः लिहू नये असे मात्र नाही. शिकण्यासाठी ते जरूर लिहावे, उलट त्यात एक मोठा फायदा आहे: आपले उत्तर पडताळायला भरवशाचे उत्तर शेजारीच असते. फक्त रोजच्या वापरात स्टँडर्ड लायब्ररीतलेच फंक्शन वापरावे.

इतके क्षुल्लक कोड लायब्ररीत ठेवायचे तरी कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्यावर मार्च २०१६ मधील एक घटना पाहण्यासारखी आहे. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले. स्ट्रिंगच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम होते. तरीही त्यावर थेट किंवा आडून अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याचे काम) ठप्प झाले आणि एनपीएमला काही तासांत ते पॅकेज परत ठेवावे लागले. पुढे २०१७ च्या मानकात ही सोय जावास्क्रिप्ट भाषेतच आली. क्षुल्लक फंक्शनवर किती भार पडू शकतो, आणि असे फंक्शन बाहेरून आणण्याऐवजी आपल्याकडे असणे कधी बरे पडते, हे दोन्ही त्यातून दिसते.

पायरी २: फोल्डर आणि नावे

या पायरीवर फार वेळ घालवू नये. लायब्ररीचा एक फोल्डर, त्याच्या आत कोडचा एक फोल्डर आणि टेस्टचा दुसरा, एवढी रचना पुरते. प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (इतर प्रकल्पांपासून अलग राहणारी पॅकेजांची जागा) तयार करावे आणि पहिल्या दिवसापासून गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) सुरू करावे.

सगळी फंक्शने ‘युटिल्स’ नावाच्या एकाच फाइलमध्ये टाकण्याचा मोह टाळावा, कारण अशा फाइलची पाहता पाहता अडगळीची खोली होते. मजकुरासाठी एक, संख्यांसाठी एक आणि लिस्टसारख्या अनुक्रमांसाठी एक, अशी तीन मॉड्यूले केली तर नवे फंक्शन कुठे ठेवावे हा प्रश्न बहुतेक वेळा पडत नाही. तो पडलाच, तर ते फंक्शन दोन कामे करत असण्याची शक्यता जास्त, आणि त्याचे दोन भाग करावेत.

नावांच्या बाबतीत नवशिक्यांना नेहमी नडणारी एक गोष्ट म्हणजे स्वतःच्या फाइलला ‘रँडम’, ‘स्ट्रिंग’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’ असे नाव देणे. स्क्रिप्ट चालवताना पायथन मॉड्यूलचा शोध आधी त्या स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये घेतो. त्यामुळे स्टँडर्ड लायब्ररीऐवजी आपलीच फाइल त्याच्या हाती लागते आणि ‘असे फंक्शनच नाही’ अशी बुचकळ्यात टाकणारी एरर येते.

पायरी ३: कोडच्या आधी करार

खरे काम इथे आहे. फंक्शनचे शरीर लिहिण्यापूर्वी त्याचा करार दोन-तीन वाक्यांत लिहावा. तुकडे पाडणारे फंक्शन उदाहरणादाखल घेऊ. त्याला एक लिस्ट आणि एक आकार द्यायचा आणि त्याने त्या आकाराचे तुकडे परत द्यायचे. नेहमीचा कोड असा असतो: रेंजच्या साहाय्याने शून्यापासून लिस्टच्या लांबीपर्यंत आकाराएवढ्या उड्या घ्यायच्या आणि प्रत्येक ठिकाणाहून एक स्लाइस (लिस्टचा सलग भाग) कापायचा. सात घटकांची लिस्ट आणि आकार ३ दिला की तीन, तीन आणि एक असे तुकडे मिळतात. स्लाइस लिस्टच्या बाहेर गेला तरी पायथन एरर देत नाही, जेवढे उरले तेवढे देतो, म्हणून शेवटचा आखूड तुकडा आपोआप बरोबर येतो.

आता आकार शून्य देऊन पाहावा. रेंजला शून्याची उडी चालत नाही, म्हणून व्हॅल्यू एरर येते. मात्र तिच्यातील संदेश रेंजच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटबद्दल बोलतो आणि लायब्ररी वापरणाऱ्याने तर रेंज लिहिलेलीच नसते. आकार उणे दोन दिला तर प्रकार याहून वाईट होतो. शून्यापासून पुढच्या संख्येपर्यंत उलट्या उड्या मारता येत नसल्याने रेंज रिकामी निघते, लूप एकदाही फिरत नाही आणि रिकामी लिस्ट परत येते. कसलीही तक्रार न होता सगळा डेटा नाहीसा झालेला असतो. एरर दिसली तर निदान ती दुरुस्त तरी करता येते, गुपचूप आलेले चुकीचे उत्तर कुठल्या कुठे जाऊन बाधते. म्हणून फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आकार एकपेक्षा कमी आहे का ते पाहावे आणि तसे असल्यास ‘आकार किमान १ हवा, उणे २ मिळाला’ अशा स्पष्ट संदेशासह व्हॅल्यू एरर उठवावी. मिळालेली किंमत संदेशात छापण्याची सवय लावून घ्यावी. चूक शोधणाऱ्याचा निम्मा वेळ त्याने वाचतो.

ही तपासणी असर्टने करू नये. पायथन ऑप्टिमाइज पर्यायासह चालवला की सगळी असर्ट विधाने गळून पडतात, आणि नेमकी तपासणीच नाहीशी होते. असर्टची जागा टेस्टमध्ये आहे.

करारात आणखी एक प्रश्न येतो: लिस्टऐवजी दुसरे काही आले तर? स्ट्रिंग आणि टपल यांचे स्लाइस होतात, म्हणून ती चालतात. सेटचे स्लाइस होत नाही आणि जनरेटरला (मागेल तशी एकेक किंमत देणाऱ्या वस्तूला) लांबी नसते, म्हणून दोन्ही ठिकाणी टाइप एरर येते. सर्वांना सामावून घ्यावे की ‘फक्त अनुक्रम चालतील’ असे लिहून मोकळे व्हावे, हा निर्णय आपला. विद्यार्थ्याच्या लायब्ररीसाठी दुसरा मार्ग उत्तम, कारण कमी वचन देऊन ते पूर्ण पाळणे सोपे असते.

हीच पद्धत प्रत्येक फंक्शनला लावावी, आणि त्यासोबत काही बंधने सरसकट पाळावीत. लायब्ररीतील फंक्शनने स्वतः प्रिंट करू नये आणि इनपुट मागू नये. त्याने फक्त किंमत रिटर्न करावी. छापणे हे बोलावणाऱ्याचे काम आहे, आणि जे फंक्शन केवळ छापते त्याची टेस्ट लिहिणेही त्रासाचे होते. दिलेल्या लिस्टमध्ये बदल करू नये: मध्यक काढताना लिस्टची स्वतःची सॉर्ट पद्धत वापरली तर बोलावणाऱ्याची मूळ लिस्टच क्रमाने लावली जाते, म्हणून नवी लिस्ट देणारे सॉर्टेड हे फंक्शन वापरावे. डिफॉल्ट किंमत म्हणून रिकामी लिस्ट कधीही देऊ नये, कारण ती फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक कॉलमध्ये तीच वापरली जाते. पहिल्या कॉलमध्ये भरलेले घटक दुसऱ्या कॉलमध्ये तसेच सापडतात. तिच्या जागी ‘नन’ द्यावे आणि आत नवी लिस्ट तयार करावी.

पायरी ४: मजकुराची फंक्शने आणि देवनागरी

मजकुराचे मॉड्यूल सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत जास्त फसवते. बहुतेक पाठ्यक्रमांत स्ट्रिंगची उदाहरणे रोमन लिपीत असल्याने एक अक्षर म्हणजे स्ट्रिंगमधील एक घटक असे मनात ठसते. पायथनला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर तो ५ सांगतो: म, र, काना, ठ आणि वेलांटी. म्हणजे तो अक्षरे मोजत नाही, युनिकोड या लिपिचिन्हांच्या मानकातले कोड पॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) मोजतो. याच शब्दाचे पहिले चार घटक घेतले तर ‘मराठ’ उरते. ‘विद्यार्थी’ची लांबी १० भरते आणि तो आठवर कापला की ‘विद्यार्’ असा पाय मोडलेला तुकडा हाती येतो. स्ट्रिंग उलटी करण्याचा प्रसिद्ध एका ओळीचा कोड ‘मराठी’वर चालवला तर सुरुवातीलाच आधाराविना लोंबकळणारी वेलांटी दिसते.

म्हणून मजकूर ठरावीक लांबीला कापणारे फंक्शन लिहायचे असेल तर आधी मजकुराचे अक्षरसमूह पाडणारे छोटे फंक्शन लिहावे आणि कापण्याचे काम त्याच्यावर उभे करावे. युनिकोडडेटा हे स्टँडर्ड मॉड्यूल प्रत्येक कोड पॉइंटची श्रेणी सांगते. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सर्व चिन्हे ‘एमएन’ किंवा ‘एमसी’ या श्रेणींत येतात. एकेक कोड पॉइंट घेत जावे. तो या श्रेणींतला असेल तर आधीच्या समूहाला जोडावा. आधीचा कोड पॉइंट हलन्त असेल आणि आताचा अक्षर असेल, तर जोडाक्षर होते म्हणून तोही त्याच समूहाला जोडावा. एरवी नवा समूह सुरू करावा. यातील ‘आताचा अक्षर असेल’ ही अट विसरली तर ‘अर्थात् मी’ यासारख्या मजकुरात हलन्तानंतरची रिकामी जागाही ‘त्’ला चिकटते. देवनागरी जोडाक्षर एकच समूह मानण्याचा नियम खुद्द युनिकोडच्या मानकात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या तयार पॅकेजांचे उत्तर आपल्या उत्तराहून वेगळे येऊ शकते. तो आपला बग असेलच असे नाही.

दुसरा फसवा प्रकार तुलनेचा. ‘करणाऱ्या’ या शब्दातील ऱ हा एका स्वतंत्र कोड पॉइंटने लिहिता येतो, तसाच र आणि खाली नुक्ता अशा दोन कोड पॉइंटांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण पायथनच्या दृष्टीने ते समान नसतात. दोन्ही बाजू आधी युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझ फंक्शनने ‘एनएफसी’ या प्रमाणित रूपात आणल्या की हा फरक मिटतो. र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या मार्गाने टाइप केलेला शब्द मात्र या उपायानेही जुळत नाही; तो हवा असेल तर आपल्या फंक्शनमध्ये वेगळा नियम घालावा लागतो, आणि घातला नसेल तर डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या माहितीत) तसे सांगावे लागते.

आकडा तपासणाऱ्या फंक्शनचेही असेच. पायथनचे इंट ‘१२३’ ही देवनागरी अंकांची स्ट्रिंग बिनतक्रार स्वीकारते आणि बरोबर संख्या देते. पण तपासणीसाठी इजडिजिट ही पद्धत वापरली तर ती वर्गाचे चिन्ह म्हणून लिहिला जाणारा वरचा छोटा दोन यालाही अंक मानते, आणि पुढे इंट त्यावर व्हॅल्यू एरर देते. इथे इजडेसिमल वापरणे योग्य. तसेच मोकळ्या जागा झाडणारी स्ट्रिप पद्धत न तुटणारी रिकामी जागा काढते, परंतु शून्य रुंदीची जागा तशीच ठेवते, कारण युनिकोडमध्ये ती रिकाम्या जागांत मोडत नाही. वेबपानांवरून कॉपी केलेल्या मजकुरात ही अदृश्य मंडळी वारंवार भेटतात.

पायरी ५: संख्यांची फंक्शने

पूर्णांकन करणारे फंक्शन लिहिण्यापूर्वी पायथनचे राउंड कसे वागते ते पाहून घ्यावे. २.५ चे उत्तर ते २ देते आणि ३.५ चे ४, कारण बरोबर मध्यावरची संख्या ते जवळच्या सम संख्येकडे नेते. २.६७५ ची दोन दशांश स्थळांपर्यंत केलेली संख्या २.६७ येते, त्याचे कारण मात्र वेगळे: २.६७५ ही किंमत द्विमान पद्धतीत नेमकी साठवता येत नाही आणि साठवलेली किंमत किंचित कमी असते. शाळेत शिकलेला ‘अर्धा वर’ हा नियम हवा असेल तर डेसिमल मॉड्यूल वापरावे आणि त्याला किंमत स्ट्रिंग म्हणून द्यावी. फ्लोट दिल्यास चूक आत शिरूनच येते.

दोन फ्लोटची तुलना समान चिन्हाने करू नये, हे बहुतेकांना ०.१ अधिक ०.२ च्या उदाहरणावरून ठाऊक असते. मॅथ मॉड्यूलमधील इजक्लोज त्यासाठी आहे. त्याची एक खोच अशी की डिफॉल्ट सहनशीलता सापेक्ष असते, म्हणून शून्याशी तुलना करताना कितीही लहान संख्या दिली तरी उत्तर नकारार्थीच येते. तिथे निरपेक्ष सहनशीलता स्वतः द्यावी लागते.

पायरी ६: टेस्ट

करार लिहिला असेल तर टेस्ट जवळपास तयारच असतात, कारण करारातले प्रत्येक वाक्य ही एक टेस्ट असते. पायटेस्ट हे पॅकेज नवशिक्याला सर्वांत सोयीचे. काहीही इन्स्टॉल करायचे नसेल तर युनिटटेस्ट पायथनसोबतच येते. तुकड्यांच्या फंक्शनसाठी रिकामी लिस्ट, एका घटकाची लिस्ट, आकाराने नेमकी भाग जाणारी लांबी, न भाग जाणारी लांबी, लिस्टहून मोठा आकार, शून्य आणि उणे आकार एवढ्या टेस्ट लिहाव्यात. यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक वेगळीच टेस्ट: सगळे तुकडे परत जोडले की मूळ लिस्ट मिळालीच पाहिजे. ही टेस्ट विशिष्ट उत्तरावर बेतलेली नसते, म्हणून यादृच्छिक लांबीच्या शेकडो लिस्टवर ती फिरवता येते. लीप वर्षासाठी १९०० आणि २००० ही दोन वर्षे चुकवू नयेत. दोन्हींना शंभराने भाग जातो, पण चारशेने फक्त दुसऱ्याला जातो.

पुढे वापरताना बग सापडला की कोडला हात लावण्याआधी तो बग पकडणारी टेस्ट लिहावी, ती नापास होताना पाहावी आणि मगच दुरुस्ती करावी. नापास झालेली टेस्ट पाहिली नाही तर ती काही तपासते आहे की नाही हेच कळत नाही.

प्रत्येक फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये करार आणि एक-दोन उदाहरणे लिहावीत. डॉकटेस्ट हे मॉड्यूल २००१ पासून पायथनमध्ये आहे. ते डॉकस्ट्रिंगमधील उदाहरणे खरोखर चालवून उत्तरे जुळतात का ते पाहते, त्यामुळे कोड बदलला आणि उदाहरण जुनेच राहिले असे होत नाही.

पायरी ७: वापरात आणणे

लायब्ररीची फाइल प्रत्येक असाइनमेंटमध्ये कॉपी करत बसलो तर मूळ दुखणे परत येते. मुख्य फोल्डरमध्ये पायप्रोजेक्ट नावाची टॉमल फाइल ठेवून तीत लायब्ररीचे नाव, आवृत्ती आणि लागणारी पायथनची आवृत्ती लिहावी आणि पिप या पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या साधनाच्या ‘एडिटेबल’ पर्यायाने ती इन्स्टॉल करावी. मग कोडमध्ये केलेला बदल पुन्हा इन्स्टॉल न करता पुढच्या वेळी प्रोग्रॅम चालवताना लागू होतो. असाइनमेंट सादर करताना ती तपासणाऱ्याच्या संगणकावर ही लायब्ररी नसेल, हे मात्र ध्यानात ठेवावे.

इतरांसाठी खुली करायची असेल तर आधी परवान्याची फाइल घालावी. परवाना नसलेला कोड डोळ्यांसमोर असला तरी तो वापरण्याची परवानगी कोणाला मिळालेली नसते. लहान लायब्ररीसाठी एमआयटी परवाना पुष्कळ जण वापरतात. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या खुल्या भांडारावर चढवण्याची रंगीत तालीम टेस्टपायपीआय या वेगळ्या भांडारावर करावी, कारण पायपीआयवर एकदा गेलेली फाइल पुसली तरी त्याच नावाने आणि त्याच आवृत्तीने ती पुन्हा चढवता येत नाही.

आवृत्तीचे तीन आकडे करारावरूनच ठरतात. करार तोच ठेवून चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढवावा, जुने काही न मोडता नवे फंक्शन घातले तर मधला, आणि ज्याने जुना कोड मोडेल असा बदल केला तर पहिला. रिकाम्या लिस्टवर आधी शून्य देणारे सरासरीचे फंक्शन आता एरर देणार असेल तर तो तिसऱ्या प्रकारचा बदल आहे, जरी कोडमध्ये दोनच ओळी बदलल्या असल्या तरी. एखादे फंक्शन काढून टाकायचे ठरले तर ते लगेच काढू नये. एका आवृत्तीपुरते ठेवून त्यातून डेप्रिकेशन वॉर्निंग (हे फंक्शन पुढे जाणार असल्याची सूचना) द्यावी आणि नवे कोणते वापरायचे ते संदेशात सांगावे. वॉर्निंग देताना स्टॅकलेव्हल २ ठेवावा, म्हणजे ओळ क्रमांक लायब्ररीतला न दिसता, बोलावणाऱ्याच्या फाइलमधला दिसतो. ही वॉर्निंग मुख्य स्क्रिप्टमधून आलेल्या कॉलसाठीच डिफॉल्टने छापली जाते, दुसऱ्या मॉड्यूलमधून आली तर दडपली जाते. पायटेस्ट मात्र ती टेस्टच्या शेवटी दाखवते, म्हणून जुने कॉल कुठे उरले आहेत ते तिथे शोधावे.